शुल्टे हे नाव कोणाचे

म्युन्स्टर, ३ ऑगस्ट १९०४

श्रीमती शुल्टे वीनब्रोक,
वीनब्रोक शेत, बिलरहोर्स्ट यांस,

येशू ख्रिस्ताची स्तुती असो.

आपली ओळख नाही. तरी लिहिण्याचे धाडस करतो, कारण आमच्या फादरांनी चौकशी करून सांगितले की या नावाचे घर साऱ्या मुलुखात एकच आहे, ते आपले. माझे नाव बेर्नहार्ड शुल्टे वीनब्रोक. वय तेवीस. शाळा सहा इयत्ता. मी मास्तर टेगेडर यांच्या कारखान्यात थडग्यांच्या दगडांवर अक्षरे कोरतो. माझे वडील अँटन शुल्टे वीनब्रोक, बिअरच्या कारखान्याचे गाडीवान, मार्चच्या नऊ तारखेला छातीच्या दुखण्याने वारले. आई मी तीन वर्षांचा असतानाच गेली.

सकल संतांच्या सणाला, म्हणजे एक नोव्हेंबरला, सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांवर दिवे लावायला येतील. त्याआधी वडिलांचा दगड उभा करायचा आहे. दगड मीच घासून गुळगुळीत केला. नाव पेन्सिलीने आखले. तेवढ्यात त्यांच्या पेटीच्या तळाशी बाप्तिस्म्याचा दाखला सापडला. जन्मतारीख वडिलांचीच आहे, पण नाव अँटन प्योट्कर असे आहे.

कागद मी उजेडाकडे धरून पाहिला. खाडाखोड नाही. मग माझे वडील इतकी वर्षे कोणाचे नाव वापरत होते? काहीतरी केल्याशिवाय माणूस नाव बदलत नाही, असे मला वाटते. आणि तसे वाटू लागल्यापासून मला जेवण जात नाही. कारखान्यात मी हे एकालाच बोललो, तर मास्तरांपर्यंत गेले. ते सगळ्यांसमोर म्हणाले, “अरे, शुल्टे म्हणजे ठाऊक आहे का? जहागीरदाराचा माणूस. कोणी किती धान्य घालायचं ते दारोदार जाऊन सांगणारा. आणि टेगेडर म्हणजे त्यातला दहावा हिस्सा उचलून आणणारा. तू सांगायचंस, मी उचलायचं! पण तुझा बाप तर पिंपं उचलत होता रे.” सगळे हसले. मी हसलो नाही.

दगडात कोरलेले अक्षर परत भरता येत नाही. म्हणून एवढेच विचारतो: हे नाव माझ्या वडिलांचे होते की नव्हते?

आपला नम्र,
बेर्नहार्ड शुल्टे वीनब्रोक

---

बिलरहोर्स्ट, २१ ऑगस्ट

बेर्नहार्ड यांस,

आडनाव मुद्दाम लिहिलेलं नाही.

कापणी चालू आहे, म्हणून उशीर. तुमचं पत्र नवऱ्याने जेवताना मोठ्याने वाचलं. आमचा जुना गडी हिनर्क म्हणाला, “मालकीण, अक्षर बघा. इतकं सरळ अक्षर एक तर फादरचं असतं, नाहीतर वकिलाचं.” तुम्ही फादर नाही. तेव्हा वकील कोण तुमचा, ते आधी कळवा.

इथे अँटन नावाचा कोणी शुल्टे मेलेला नाही.

आणि शहरात राहून तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते. शुल्टे वीनब्रोक हे माणसाचं नाव नाही, शेताचं आहे. वीनब्रोक म्हणजे विलोच्या झाडांची दलदल, असं माझे आजोबा सांगायचे. ती दलदल इथेच आहे. गाडीत घालून म्युन्स्टरला नेता येत नाही. जो हे शेत चालवतो तो शुल्टे. शेत मुलीकडे आलं तर जावई शुल्टे होतो. माझा नवरा जन्माने लोमान. लग्नाच्या सकाळी चर्चमध्ये लोमान म्हणून शिरला आणि दुपारी शुल्टे म्हणून जेवायला बसला. त्याने उद्या शेत सोडलं तर नाव दाराशी खुंटीवर टांगून जाईल आणि पुन्हा लोमान होईल. आमच्याकडे असंच चालतं, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

शुल्टे मेला की आमच्याकडे मधमाश्यांना जाऊन सांगावं लागतं. नाही सांगितलं तर त्या आपल्या पोळ्यांच्या टोपल्या सोडून उडून जातात. या मार्चमध्ये कोणी काही सांगितलं नाही. माश्या जागच्या जागी आहेत. यातून काय समजायचं ते समजा.

प्योट्कर कोरा. मडकी घडवणाऱ्याचं नाव आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

स्टिना शुल्टे वीनब्रोक

---

म्युन्स्टर, २८ ऑगस्ट

श्रीमती शुल्टे वीनब्रोक यांस,

वकील नाही. माझे अक्षर सरळ आहे कारण तो माझा धंदा आहे. हे पत्रही मी आधी कच्चे लिहिले, मग पक्के केले. यात काही लबाडी नाही.

आपले पत्र मी चार वेळा वाचले. आपण लिहिता, इथे अँटन नावाचा कोणी शुल्टे मेलेला नाही. या नावाचा कोणी तिथे राहत नव्हता, असे मात्र आपण लिहिलेले नाही. इतके मोजून लिहिणाऱ्या बाईंच्या हातून ते चुकून राहिले असेल, असे मला वाटत नाही.

नंतर मी नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन माझ्या आईवडिलांच्या लग्नाची नोंद पाहिली. सन १८८०. वधू लिस्बेट, शेतावरील मोलकरीण. वराच्या जागी लिहिले आहे: प्योट्कर, ज्यास शुल्टे वीनब्रोक म्हणतात, विधुर.

विधुर! हा शब्द वडील माझ्यासमोर कधी बोलले नाहीत. कारकून म्हणाला, “काय रे, पांढरा का पडलास? बापाला आधीची बायको असणं हा गुन्हा नाही.” नसेल. पण ती कोण होती आणि कशाने मेली, हे माझ्यापासून लपवले गेले. आपणही लपवत आहात. माझा संशय असा आहे की त्या घरात काहीतरी वाईट घडले, आणि ते एक तर माझ्या वडिलांनी केले, नाहीतर तुमच्या माणसांनी त्यांच्याशी केले. यातले काय, ते कळल्याशिवाय मी छिन्नी उचलणार नाही.

वडिलांच्या पेटीत दाखल्याखेरीज आणखी एक वस्तू आहे. ती काय आहे हे मी सांगत नाही. आपल्याला खरे ठाऊक असेल तर आपणच सांगा, ती काय असायला हवी.

बेर्नहार्ड

(आडनाव मीही लिहीत नाही, कारण कोणते लिहायचे हेच मला ठाऊक नाही.)

---

बिलरहोर्स्ट, ११ सप्टेंबर

बेर्नहार्ड यांस,

मला कोडी घालता? मी शेतकरीण आहे, मला एवढा वेळ नाही. पण ती वस्तू झाकण असलेलं चांदीचं घड्याळ असेल, तर टपालाने परत पाठवा. ते माझ्या आजोबांचं आहे. अँटन इथून गेला त्याच आठवड्यात ते दिसेनासं झालं.

आता ऐका. लपवण्यासारखं आम्ही काही केलेलं नाही.

या शेताची वारस क्लारा. तिने अँटन प्योट्करशी लग्न केलं. त्याच्या घरी एक बकरी आणि गळकं छप्पर, बाकी काही नाही. तरी तो शुल्टे झाला. चर्चमध्ये पहिला बाक त्याचा, गावच्या पंचायतीत बोलायचा मान त्याचा. क्लारा १८७८च्या हिवाळ्यात तापाने गेली. कोणी मारली नाही तिला, तेव्हा तुमची कादंबरी मिटवा. क्लाराच्या बापाने, म्हणजे म्हाताऱ्या शुल्टेने, शेत अँटनच्याच हातात ठेवलं होतं. वारस मोठा होईपर्यंत त्याने चालवायचं, मग मागच्या घरात सुखाने म्हातारं व्हायचं. काय कमी होतं? पण वर्षसुद्धा पुरं व्हायच्या आत त्याचं गायी राखणाऱ्या लिस्बेटशी जुळलं. म्हाताऱ्याने विचारलं, “शेत की ती?” तो म्हणाला, “ती.” गेला. स्वतःच्या पायांनी गेला. नाव खुंटीवर टांगायला हवं होतं, ते चोरून नेलं.

तुमची आई वाईट होती असं मी म्हणत नाही. मी तिला फारशी ओळखत नव्हते.

आणि एक मुलगी होती मागे. सात वर्षांची. वारस शेताबाहेर जात नाही, म्हणून ती इथेच राहिली. तिचं पुढे काय झालं याच्याशी तुमच्या दगडाचा काही संबंध नाही.

आता काय ते कोरा, आणि पुन्हा लिहू नका.

स्टिना शुल्टे वीनब्रोक

---

म्युन्स्टर, २६ सप्टेंबर

श्रीमती शुल्टे वीनब्रोक यांस,

लिहू नका म्हणालात, तरी लिहितो. कारण मी काल आपल्या शेतावर येऊन गेलो, आणि ते लपवून ठेवणे मला जमणार नाही.

आपण सगळे चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेला गेला होता. मी मुद्दाम ती वेळ निवडली. हेही कबूल करतो. आपल्या कुत्र्याने माझी पँट फाडली. मला फक्त घर पाहायचे होते. पण मोठ्या दरवाजाच्या वरच्या तुळईवर अक्षरे दिसली आणि मी गोठ्याला टेकलेली शिडी तिथे लावली. लिहिले आहे की सन १८७३मध्ये देवाच्या कृपेने हे घर उभारले, पुढे कोणाचेतरी नाव, आणि मग ‘व क्लारा’. ते पहिले नाव तासलेले आहे.

पण तासणारा अक्षरे कोरणारा नव्हता. रेघेचा तळ खोल असतो, वरवर तासल्याने तो जात नाही. मी डोळे मिटून बोट फिरवले. अँटन. त्यापुढे शुल्टे. पूर्ण नाव.

तेवढ्यात मागून एक लंगडा म्हातारा आला. “काय हो, दार विकत घ्यायचं आहे का?” मी म्हणालो, अक्षरे बघतो आहे. तो म्हणाला, “बघा, बघा. आमच्यात ती कोणी वाचत नाही, म्हणून तर घर नीट चाललंय.” मग माझ्या हातांकडे बराच वेळ बघत राहिला आणि काळी भाकरी व भाजलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा देऊन म्हणाला, “खा आणि जा. मालकीण येतील.” मी नाव सांगितले नाही. त्याने विचारले नाही, याचाही मला संशय आहे.

आपण लिहिले होते की शेत सोडणारा नाव खुंटीवर टांगून जातो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. इथे नाव टांगलेले नाही. तासलेले आहे. वावगे वाटले नाही, तर तासायला शिडीवर कोण चढले?

घड्याळ माझ्याकडे नाही. शपथेवर सांगतो.

बेर्नहार्ड

---

बिलरहोर्स्ट, ३० सप्टेंबर

बेर्नहार्ड,

म्हणजे तो तू होतास. मी मिस्सेहून आले तर शिडी दरवाजापाशी आणि हिनर्क नको तितका गप्प. विचारलं, “कोण आलं होतं?” म्हणाला, “कुत्र्याला विचारा, त्याने चव घेतली आहे.” रात्री पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाला, “हात अँटनचे होते.”

शिडीवर कोण चढलं ते हवं आहे ना तुला? आजोबा चढले. लाकूड तासायचा वाकस घेऊन. आणि खाली शिडी मी धरली होती.

ती सात वर्षांची मुलगी मी आहे. आता कळलं असेल, मी मोजून का लिहीत होते. तुझं पहिलं पत्र नवऱ्याने जेवताना वाचलं, त्यात तो मेल्याची तारीख होती. मी ताट उचललं आणि गोठ्यात जाऊन उभी राहिले. मेल्याचं दुःख झालं म्हणून नाही. कोणा परक्या पोराने त्याला ‘माझे वडील’ म्हटलं म्हणून.

तो गेला त्या सकाळी मला माडीवर कोंडलं होतं. मी गुरांना चारा टाकायच्या भोकातून खाली उतरले आणि गाडीमागे पळाले. ओढ्यावरच्या पुलापर्यंत पळाले. हाका मारल्या. चाकांचा आवाज होता, पण इतका नव्हता. त्याने एकदाही मागे वळून बघितलं नाही. एकदाही नाही, बेर्नहार्ड. चिखलात एका पायातला लाकडी बूट रुतून गेला, मी एका अनवाणी पायाने घरी आले, आणि बूट हरवला म्हणून आजोबांनी मला चामड्याच्या पट्ट्याने मारलं. दुसऱ्या दिवशी ते शिडी घेऊन आले आणि म्हणाले, “धर.” मी धरली. घट्ट धरली. पाहिजे होतं मला ते नाव जायला.

म्हणून मला सांगू नकोस की त्याने हे नाव मरेपर्यंत जपलं. शेत हवं असेल त्याला केव्हातरी. तुलाही तेच हवं आहे, असं माझा नवरा म्हणतो, आणि मी त्याला खोटं ठरवत नाही.

प्योट्कर कोर. हे दुसऱ्यांदा सांगते आहे.

स्टिना

---

म्युन्स्टर, ६ ऑक्टोबर

(वर काय संबोधन लिहावे हे ठरत नाही. दगडावर ठरत नसते तेव्हा आम्ही जागा सोडतो, तशी इथे सोडली आहे.)

या पत्राबरोबर एक खोके पाठवले आहे. ते आधी उघडा आणि मग पुढचे वाचा.

वडिलांच्या पेटीतली वस्तू हीच. मुलाचा लाकडी बूट, डाव्या पायाचा. माझ्या हाताच्या पंजापेक्षा थोडा मोठा. टाचेखाली तापल्या लोखंडाने दिलेला, शेताच्या खुणेचा डाग आहे. तुमच्या गोठ्यातल्या बादल्यांवर मी तोच पाहिला. मला वाटत होते, वडिलांना एखादे मूल झाले असेल आणि ते मेले असेल, किंवा त्यांच्या हातून त्याला काही झाले असेल. म्हणूनच ती वस्तू काय आहे ते मी सांगत नव्हतो. तुमच्याकडून काहीतरी भयंकर बाहेर पडेल आणि मग बूट कुठे बसतो ते मला कळेल, असा माझा हिशेब होता. मला त्याची लाज वाटते.

मी दोन दिवस विचार केला की काय लिहावे. वडिलांच्या मनात काय होते हे मला ठाऊक नाही. ते फार कमी बोलत. त्यांनी तुमचे नाव माझ्यासमोर कधी काढले नाही, आणि ते बरोबर होते असे मी म्हणणार नाही. पण पुलापाशी चिखलात रुतलेला बूट आपोआप निघून गाडीत चढत नाही. कोणीतरी गाडी थांबवली, उतरून मागे आले, वाकले आणि तो उपटून काढला. तुम्ही तोवर घरी पोचला असाल.

चिखल मी धुतलेला नाही. तो त्यांनीही धुतला नव्हता.

शेत मला नको. मला दोन गायींतला फरक कळत नाही. हवे तर हे मी मुद्रांकाच्या कागदावर लिहून देतो.

दगडावर ‘अँटन’ एवढेच कोरले आहे. खालच्या ओळीची जागा आखून ठेवली आहे. ती तुम्ही सांगाल तशी भरीन. प्योट्कर सांगितलेत तर प्योट्कर. आता मी वाद घालणार नाही. मास्तर रोज विचारतात, “काय शुल्टे, की प्योट्कर, की आणखी कोणी? दगड गंजत नाही रे, पण गिऱ्हाईक थांबत नाही.” मी सांगतो, पत्र येऊ द्या.

बेर्नहार्ड

---

बिलरहोर्स्ट, २७ ऑक्टोबर

बेर्न्ड,

तीन आठवडे लिहिलं नाही. काही कारण नव्हतं. बटाटे होते, पण ते कारण नव्हे.

खोकं उघडलं आणि पहिला विचार आला की हा कोणाचाही बूट असेल, पोराने कुठून तरी मिळवला. मी अशीच आहे. आता आपल्यात लपवायचं काय. रात्रभर तो चुलीजवळ ठेवला. सकाळी हिनर्कच्या पुढ्यात आदळला आणि म्हणाले, “गाडी त्या दिवशी कोण हाकत होतं?”

म्हणाला, “मी.”

“थांबली होती?”

“थांबली होती. पूल ओलांडून, गिरणीच्या वळणावर. तो उतरून मागे गेला. मी घोडे धरून उभा होतो. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा कोटाच्या आत काहीतरी होतं. मला वाटलं, म्हाताऱ्याचं घड्याळ असेल.”

“पंचवीस वर्षं बोलला का नाहीस?”

“म्हाताऱ्या शुल्टेने तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं.”

“तो मरून चौदा वर्षं झाली!”

“तुम्ही विचारलं नाहीत, मालकीण.”

मी त्याच्या अंगावर भाकरीची सुरी उगारली. मग दोघंही तिथेच बसलो. घड्याळ, तुझ्या माहितीसाठी, परवा धान्याच्या पेटीमागे सापडलं. मी शोधलं म्हणून सापडलं. आजपर्यंत कोणी शोधलंच नव्हतं, कारण कोणी नेलं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी त्याला माफ केलं असं समजू नकोस. बूट उचलणाऱ्याला आणखी तीनशे पावलं पुढे येऊन दार वाजवता आलं असतं. आजोबांनी बंदूक काढली असती, हेही खरं. पण मला ते बघायला आवडलं असतं.

आता दगडाचं. रीत अशी आहे की शेत सोडणारा नाव सोडतो. पण ही रीत स्वतःहून सोडणाऱ्यासाठी आहे, दोन गोष्टींत एक निवड म्हणून ज्याला दाराबाहेर उभं केलं त्याच्यासाठी नाही. असं मी ठरवलं आहे. या शेताची वारस मी आहे, तेव्हा नाव कोणाला द्यायचं ते मी सांगणार. नवरा कुरकुरला. त्याला म्हटलं, “तूसुद्धा लोमानच आहेस, जेव.”

कोर: अँटन शुल्टे वीनब्रोक. खाली लहान अक्षरांत, जन्माने प्योट्कर. त्याच्याखाली तुझी आई. तुझं नाव तू ठरव. शेत मिळणार नाही, ते मुद्रांकाच्या कागदावर नक्की लिहून आण. त्याच्याखाली तुझं पूर्ण नाव लिही, शुल्टे वीनब्रोक. सही खरी हवी.

तुळईवरची जागा तशीच आहे. हिनर्क म्हणतो, तुझ्यासारख्याला ते पुन्हा खोल करायला एक दिवस पुरेल. वसंतात ये. दिवसा ये, आणि दारातून ये.

एक तारखेला मी दुपारच्या गाडीने म्युन्स्टरला पोचेन. स्टेशनवर उभा राहा. मी ओळखेन, हात बघून.

काल सकाळी दव उतरायच्या आत मी घराची किल्ली घेऊन बागेच्या कडेला गेले. अकरा टोपल्या आहेत. प्रत्येकीवर किल्लीने तीनदा वाजवलं आणि सांगितलं, “मालक गेला.” साडेसात महिने उशीर झाला होता. थंडीने माश्या आत गोळा होऊन बसल्या होत्या. मी कान लावून ऐकत राहिले. आतून आवाज आला. एकही टोपली रिकामी नव्हती.

स्टिना